नसलेली आजी

१

धोंडीराम गुरुजींची आई तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तापानं गेली, आणि चौथ्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत चुलीपुढं बसून भाकरी थापू लागली.

संघर्षदादांनी ती ओळ मोठ्यानं वाचली तेव्हा आधी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. कसबा बावड्यातल्या त्या घरात दुपारची ताटं नुकतीच वाढली होती. गुरुजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी पहिला स्मृतिदिन, आणि त्याच दिवशी विहाराच्या सभागृहात त्यांच्या आत्मचरित्राचं प्रकाशन. प्रेसमधून आलेली कच्ची प्रत घेऊन त्यांचा थोरला मुलगा संघर्ष खुर्चीत बसला होता. धाकटी सून दीक्षा खाली बसून आपल्या यशूला वरणभात भरवत होती.

“‘आईनं मला पाठीवर बसवलं,’” दादा पुढं वाचत होते, “‘आणि पुराच्या पाण्यातनं शाळेच्या पायरीवर नेऊन उतरवलं...’” ते थांबले. “थांबा की. ही तर आक्काची गोष्ट हाय.”

सगळ्यांनी भिंतीकडं पाहिलं. भिंतीला टेकून तानूबाई बसल्या होत्या. गुरुजींची थोरली बहीण. आई गेल्यावर दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावर राबून तिनंच गुरुजींना शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही, अक्षर शिकली नाही. गुरुजी तिला आक्का म्हणायचे, म्हणून घरही आक्का म्हणायचं आणि गल्लीही.

दादांनी भराभरा पानं उलटली. “चौथ्या प्रकरणापासनं शेवटपर्यंत आक्काचं नावच न्हाई! जिथं आक्का पाहिजे तिथं आई. पहिल्या तीन प्रकरणांत आहे, पुढं पुसून टाकलंय.” त्यांनी मान वर केली. “टाईप कुणी केलं होतं?”

कुणी केलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. दीक्षाचा हात यशूच्या तोंडाशी तसाच राहिला.

“दादा, मी बदललं नाही.”

“मग काय नाव आपोआप उडून गेलं?”

“कुणी लिवलं त्ये?” आक्कानं मध्येच विचारलं. “धोंडीनं?”

तिनं समोरचं ताट हलकेच बाजूला सारलं.

“ऐक दीक्षा,” दादा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. “संध्याकाळी प्रेसवाला बाळासो छपाईचं मशीन लावणार. त्याच्या आत मला खरं काय ते कळलं पाहिजे. न्हाईतर आक्का आमच्या घरी बिद्रीला येणार. जिनं तिचं नाव पुसलं, तिच्या घरात ती राहणार न्हाई.”

दीक्षानं आक्काकडं पाहिलं. यशू दुडदुडत जाऊन आक्काच्या मांडीवर चढली होती आणि आक्काचा हात तिच्या डोक्यावर होता. पण तो हात फिरत नव्हता.

२

दीक्षाला एक खोड होती. लेकरू झाल्यापासून ती कुठल्याही खोलीत शिरली की आधी जमीन बघायची. पडलेला शेंगदाणा, शर्टाचं बटण, टाचणी. खोलीत जे नसायला हवं ते तिच्या नजरेला पहिलं लागायचं. पूर्णिमाताई, म्हणजे तिची थोरली जाऊ, त्यावरून तिला हसायची. तिचा नवरा सम्राटही हसायचा, तो आज कागलच्या एमआयडीसीत पाळीवर होता आणि फोन उचलत नव्हता.

यशूला आक्काजवळ ठेवून, गॅसचं बटण दोनदा तपासून, ती बाळासोच्या प्रेसवर गेली. बाळंतपणाआधी ती याच प्रेसमध्ये टायपिंग करायची. गुरुजींची पहिली तीन प्रकरणं तिनं इथल्याच कॉम्प्युटरवर केली. पुढची सगळी घरी, लॅपटॉपवर. एका पायानं पाळणा हलवत, कारण गुरुजी सांगत राहायचे आणि यशू रडत राहायची.

“मजकुराला मी हात लावत न्हाई बाई,” बाळासो म्हणाले. “लेखकानं गाढव लिवलं तर मी गाढव छापतो. तुझी फाईल आली तशी पानं लावली. एक तेवढं हाय, पयल्या तीन प्रकरणांचं अक्षर ठसठशीत दिसतंय, पुढचं बारीक. एकसारखं करून घ्यायचं का इचारणारच हुतो.”

“नंतर सांगते.”

“आनि एक सांगू? रागावू नको.” त्यांनी एक पान पुढं केलं. “गुरुजींनी पोरांना रंकाळ्यावर नेऊन काय खायला घातलं म्हायत हाय? आजीस्क्रीम! तुझ्या हातनं असली चूक मी कवा बगितली न्हवती.”

तिनं पान पाहिलं. खरंच, आजीस्क्रीम. एरवी तीही हसली असती. आज तिला वाटलं, रडणाऱ्या लेकराकडं बघत टाईप केलं की असंच व्हायचं. मग बाकीचंही माझ्याच हातनं झालं असेल का?

“माझ्याशिवाय ही फाईल कुणी उघडली असेल, काका?”

“तुझा लॅपटॉप तुझ्या घरात. तुझ्या घरात कोन हुतं ते तू सांग.” मग बाळासो हळहळले. “गुरुजींना लई हौस कॉम्प्युटरची. मला म्हनले, बाळासो, सूनबाईनं मला शिकवलं, आख्ख्या पुस्तकातला एक शब्द एका दणक्यात बदलायचा.”

ते तिलाही आठवत होतं. कुठल्याशा गावाचं नाव चुकलंय म्हणून त्यांनी ते शिकून घेतलं होतं. शोधायचा शब्द वर, नवा शब्द खाली, मग ‘रिप्लेस ऑल’. गुरुजींना ते वर्गासारखंच समजावून घ्यायचं होतं. म्हणाले, “एका बाकावर एक पोरगं बसलंय आणि तिथं दुसऱ्याला बसवायचंय. आधी कुणाला उठवायचं?”

“जे बसलंय त्याला, बाबा.”

“शाब्बास. न्हाईतर दोघं एकाच बाकावर, आणि मग हुडकून काढायचं कुणाला!”

दोघं हसले होते. चार दिवसांनी गुरुजी झोपेतच गेले. फाईल तशीच पडून राहिली. दीक्षाला ती पुन्हा वाचायचा धीर झाला नाही. न वाचताच तिनं ती प्रेसला दिली होती, आणि आता ते सांगायची सोय उरली नव्हती.

३

“माझ्यावर संशय घेतीस व्हय?” पूर्णिमाताईनं ओढणीला हात पुसले. “घे की. मी बोलले हुते हजारदा. पुस्तकभर आक्का आक्का, घरभर आक्का आक्का. पण मला बदलायचंच असतं तर आईचं नाव कशाला, माझं न्हाई का घातलं असतं?”

एरवी टोचलं असतं, पण त्यात खोट दिसत नव्हती.

“ताई, बाबांच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही इथंच होता. लॅपटॉपला कोण बसायचं?”

“तू. आणि मामंजी.” पूर्णिमाताई जरा थांबली. “एकदा मी चहा घेऊन गेले तर डोळे पुसत हुते. म्हटलं, स्क्रीनचा त्रास हुतोय, बंद करा. तर म्हनले, न्हाई गं, खूप दिवसांची धूळ हुती, गेली.”

“आणि दादा?”

पूर्णिमाताईनं आवाज खाली आणला. “त्यांचं आणि मामंजींचं वाजलं हुतं त्यावरनं. गुऱ्हाळावर आक्का चुलवणाच्या जाळात पाचट घालायची, अंगावर भाजल्याचे डाग पडले, हे सगळं पाहुण्यांपुढं कशाला, असं ह्यांचं म्हणणं. मामंजी म्हनले, एक ओळ काढू देणार न्हाई.”

म्हणजे कारण होतं ते दादांकडं. दीक्षानं कच्ची प्रत घेतली आणि गुऱ्हाळाचं प्रकरण काढलं. चुलवण होतं. पाचट होतं. भाजल्याचे डाग होते. एकही ओळ गाळलेली नव्हती. फक्त ते डाग आता आईच्या हातावर होते. ज्याला राबणं लपवायचंय तो राबणं तसंच ठेवून राबणारीच कशी बदलेल?

दादाही नाहीत. मग उरलं कोण? ती स्वतः.

तिनं लॅपटॉप उघडला. फाईल आणली. शोधायच्या चौकटीत ‘आक्का’ लिहिलं आणि बटण दाबलं. पूर्ण फाईलमध्ये असा शब्द नाही, असं उत्तर आलं.

तिनं पहिलं प्रकरण वर आणलं. डोळ्यासमोर, पडद्याच्या मधोमध, स्पष्ट लिहिलेलं होतं: ‘आक्का माझ्याहून मोठी.’

पुन्हा दाबलं. शब्द नाही.

शब्द समोर दिसत होता आणि मशीन म्हणत होतं, तो नाहीच.

४

“दादा, पहिली तीन प्रकरणं प्रेसच्या जुन्या फाँटात आहेत,” ती म्हणाली. दादा फोनवर मंडपवाल्याशी बोलून नुकतेच बसले होते. “वरून मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. लॅपटॉपवरच्या मराठीत शब्द शोधला तर मशीनला तिथला शब्द दिसतच नाही. पुढची प्रकरणं नव्या पद्धतीची, म्हणून तिथं सापडतो. कुणीतरी एकदाच ‘रिप्लेस ऑल’ केलं. त्याला वाटलं, पूर्ण पुस्तक बदललं. पहिली तीन प्रकरणं मुद्दाम सोडलेली नाहीत, ती मशीनला दिसलीच नाहीत. ज्यानं केलं त्याला हे दोन फाँटांचं ठाऊक नव्हतं.”

“म्हणजे बाळासोला ठाऊक, तो सुटला. तुला ठाऊक, तूही सुटलीस.” दादांनी मान हलवली. “सोयीचं हाय की गं. आणि ज्याला ठाऊक हाय, त्यानं मुद्दाम तीन प्रकरणं सोडली असतील तर? दुसऱ्यावर घालायला?”

तिनं लॅपटॉप मिटला.

“पाच वाजता मी आक्काची पिशवी भरायला सांगणार,” दादा म्हणाले. त्यांचेही डोळे लाल होते. “मला काय हौस हाय का गं? दुपारपासनं तिनं घोटभर पाणी घेतलं न्हाई.”

दीक्षा पुन्हा कच्ची प्रत घेऊन बसली. आता तिनं काय गेलंय ते शोधणं सोडलं. खोलीत शिरल्यावर जमीन बघावी तशी ती पानं बघू लागली. इथं काय आहे, जे नसायला हवं?

पाचव्या प्रकरणात ते तिला लागलं. ‘आजीच्या मृत्यूनंतर आईनंच मला वाढवलं.’

आजी?

पहिल्या प्रकरणात गुरुजींनी स्वच्छ सांगितलं होतं: ‘आजीचं तोंड मी पाहिलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली.’ ते वाक्य दीक्षानंच टाईप केलं होतं. मग ही आजी आली कुठून? सहाव्या प्रकरणात पुन्हा आजी, ‘आजीचं जुनं लुगडं’. आठव्यात पुन्हा. ज्या बाईला गुरुजींनी कधी पाहिलंच नाही ती अर्ध्या पुस्तकात वावरत होती, आणि प्रत्येक ठिकाणी, जिथं मूळची आई हवी, नेमकी तिथंच होती.

आणि मग रंकाळा. आजीस्क्रीम. ते काही लेकराकडं बघताना झालेलं नव्हतं. मशीन मुकाट्यानं सगळीकडचं ‘आई’ काढून ‘आजी’ बसवत गेलं, आणि आईस्क्रीममधलंही त्यानं सोडलं नाही.

म्हणजे बदल एक नव्हता, दोन होते. आईच्या जागी आजी, आणि आक्काच्या जागी आई. कुठला आधी? आक्काची आधी आई केली असती, तर दुसऱ्या बदलात तीही आजी झाली असती; सगळ्याच आज्या, आई एकही नाही. इथं दोघी वेगळ्या राहिल्या होत्या. बदलणाऱ्यानं आधी आईला उठवलं होतं, मगच रिकाम्या बाकावर आक्काला बसवलं होतं.

आधी कुणाला उठवायचं?

तिच्या हातातली पानं मांडीवर पडली. आक्काचं नाव कुणी पुसलं नव्हतंच. तिला कुणीतरी तिच्या जागेवर नेऊन बसवलं होतं.

५

मागच्या खोलीत यशू आक्काच्या मांडीवर झोपली होती. दीक्षानं दार लोटलं, जवळ बसली, आणि काही न विचारता चौथ्या प्रकरणातली ती ओळ वाचली. आईनं मला पाठीवर बसवलं आणि पुराच्या पाण्यातनं शाळेच्या पायरीवर नेऊन उतरवलं.

“परत वाच,” आक्का म्हणाली.

दीक्षानं परत वाचलं.

“हे बाबांनीच लिहिलंय, आक्का. स्वतःच्या हातानं बदललंय. मीच शिकवलं होतं कसं बदलायचं ते.”

आक्कानं यशूचं पाऊल मुठीत धरलं. मग बोलली, पण भिंतीशी बोलावं तसं.

“मी कवा सांगितलं न्हाय त्याला. आवाचं वचन हुतं. आवा म्हंजे माझी आई. तिनं पोटाला कापड बांदून गावाला दाखवलं, पोर माझंच हाय म्हनून. मी न्हानी पोर हुते. बापाचं नाव इचारू नको.”

“नाही विचारत.”

“तू ती पयली पानं टाईप करून आनलीस न्हवं, ती त्यानं मला वाचून दाखवली. आवा गेली ते वाचलं आनि म्हनला, ‘आई गेली आणि मी पोरका झालो.’ माझ्या तोंडातनं निगून गेलं, पोरका कसा रं? मी हुते की.” तिनं पदरानं यशूचं तोंड पुसलं. “त्यानं पानं खाली ठिवली. माझ्याकडं बगत बसला. एक शब्द बोलला न्हाय. मीबी न्हाय बोलले. रोजच्यागत चा केला.”

बाहेर दादांचा आवाज आला, “पाच वाजले. दीक्षा!”

दीक्षा उठली. आता तिच्याकडं पक्कं उत्तर होतं. बाहेर जाऊन ते सांगितलं की ती सुटणार होती. आणि एका म्हातारीनं सगळा जन्म झाकून ठेवलेली गोष्ट जावांपुढं, दिरांपुढं, रविवारी सभागृहापुढं उघडी पडणार होती. तिला यशूचं पाऊल आक्काच्या मुठीत दिसलं.

“मी काही सांगणार नाही, आक्का,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.

“बोल,” दादा म्हणाले. “कुणी केलं?”

“माझ्याच हातनं झालं, दादा. चुकून. लेकरू रडत होतं.”

दादांनी डोळे मिटले. पूर्णिमाताई दारात उभी होती. तिलाही ते पटलेलं दिसत नव्हतं. “चुकून एवढं आख्खं पुस्तक?” ती पुटपुटली. दादांनी हात वर करून तिला गप्प केलं.

“पूर्णिमा, आक्काची पिशवी भर.”

“पिशवी ऱ्हाऊ दे.”

आक्का मागच्या दारात उभी होती. भिंतीला हात धरून, खांद्यावर झोपलेली यशू.

“तिनं न्हाय केलं,” आक्का म्हणाली. “माझ्या लेकानं केलं.”

कुणाला काही समजलं नाही. आक्काला लेक नव्हता.

“कोण लेक, आक्का?” दादांनी विचारलं.

“गेल्या वर्षी गेला त्यो.”

दादांची नजर दीक्षाकडं गेली, मग तिच्या हातातल्या पानांकडं, मग बुद्धाच्या तसबिरीशेजारी हार घालून ठेवलेल्या वडिलांच्या फोटोकडं. ते उठले आणि पुन्हा बसले.

“मग मी... तुझा कोण?”

“नातू. आधी काय येगळं वागवलं हुतं का रं तुला?”

दादांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पूर्णिमाताई आत गेली. आतून तवा ठेवल्याचा आवाज आला.

६

बाळासोला फोन दीक्षानं केला. मशीन थांबवा म्हणाली, पहिली तीन प्रकरणं बदलून येणार आहेत.

“आता? आनि काय बदलायचं राहिलंय बाई?”

“बाबांचं काम अर्धं राहिलंय, काका. तेवढं पुरं करते. आणि ते आईस्क्रीम.”

फोन ठेवून ती आक्काकडं वळली. “पण आधी तुम्ही सांगा. छापायचं का? तुम्ही नको म्हणालात तर पूर्ण पुस्तकात परत आक्का करते. कुणी बोलणार नाही.”

दादांनीही मान हलवली. “तू म्हणशील तसं. खरंच.”

आक्कानं यशूला दादांच्या मांडीवर दिलं. “आवाचं वचन आवासंगं गेलं. त्यानं लिवलंय न्हवं? मग त्येच ऱ्हाऊ दे.”

जुन्या फाँटातलं मशीनला दिसत नव्हतं. म्हणून दीक्षा लॅपटॉप मांडीवर घेऊन ओळ न् ओळ मोठ्यानं वाचत गेली, आणि जिथं आई आली तिथं थांबून हातानं आजी केली, जिथं आक्का आली तिथं आई. पहिल्या प्रकरणातल्या त्या न पाहिलेल्या आजीची पणजी झाली. शेजारी आक्का बसली होती. प्रत्येक बदलाला नुसती मान हलवायची.

तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटाशी दीक्षा अडखळली. ‘आजी गेली,’ तिनं बदलून वाचलं, ‘आणि मी...’

ती पुढं वाचेना. ‘पोरका’ या शब्दाच्या जागी दुसरा कुठला बसवायचा ते गुरुजींनी सांगून ठेवलेलं नव्हतं.

“त्ये खोड,” आक्का म्हणाली.

दीक्षानं ते शेवटचे चार शब्द एकेका अक्षरानं मागं घेतले. उरलं एवढंच: ‘आजी गेली.’ आणि पान उलटल्यावर, चौथ्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत, आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

पूर्णिमाताईनं ताट आणून ठेवलं. आक्कानं भाकरी मोडली.